शुश्रूषा केंद्रात आपल्या माणसाची आबाळ होतेय का? ओळखायचं कसं आणि सिद्ध करायचं कसं

माझ्या आत्याला अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा उजवी बाजू गेली. शहराबाहेरच्या एका शुश्रूषा केंद्रात तिला ठेवलं. खाटेशेजारचं छोटं टेबल तिच्या उजव्या हाताला होतं आणि त्यावर पाण्याचा स्टीलचा पेला असायचा, झाकण घातलेला, काठोकाठ भरलेला. दोन महिने तो पेला बघून मी समाधानानं घरी जात होते. पाणी भरून ठेवतात, म्हणजे बघतात बरं, असं वाटायचं. तिसऱ्या महिन्यात तिला ग्लानी आली म्हणून रुग्णालयात न्यावं लागलं. डॉक्टरांनी तिची जीभ बघितली, कोरडीठाक, भेगाळलेली, आणि विचारलं, "यांना पाणी कोण पाजतं?" तेव्हा डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पेला कायम भरलेला असायचा, कारण तो कुणी पीतच नव्हतं. तिचा चालता हात डावा होता.

तिथं कुणी तिला मारत नव्हतं. शिव्याही देत नसावं. तरी ती वाळत चालली होती. आणि मी जेव्हा हे मांडायला गेले, तेव्हा व्यवस्थापकांनी शांतपणे विचारलं, "आल्या तेव्हा वजन किती होतं त्यांचं? कागद आहे?" कागद नव्हता. म्हणून हा लेख त्यांच्यासाठी, ज्यांनी नुकतंच आई-वडिलांना, सासू-सासऱ्यांना किंवा कुणा जवळच्या माणसाला अशा ठिकाणी ठेवलंय. शंका यायच्या आधीच तो कागद करून ठेवा.

आधी बघा, ही जागा आहे कोण

आपल्याकडे बोलताना "नर्सिंग होम" म्हटलं की छोटं खासगी रुग्णालय डोळ्यांसमोर येतं, आणि कायद्यातही तसंच आहे. १९४९ च्या महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली अशा रुग्णालयांची नोंदणी होते. वृद्धाश्रम किंवा "एल्डर केअर सेंटर" मात्र बरेचदा वेगळ्याच वाटेनं चालतात. कुणी सार्वजनिक न्यास असतं, कुणी कंपनी, तर कुणी बंगला भाड्यानं घेऊन दहा खाटा टाकलेल्या असतात. पुढे तक्रार कुठल्या दारात न्यायची हे यावरच ठरतं, म्हणून दाखल करतानाच नोंदणीच्या कागदाची प्रत मागा. देताना खळखळ झाली तर तीही लक्षात ठेवा.

पहिल्या दिवशीची फाइल

त्याच दिवशी त्यांच्याच वजनकाट्यावर वजन करून घ्या आणि काट्याचा फोटो काढा. उभं राहता येत नसेल तर दंडाचा घेर टेपनं मोजून तारखेसह लिहा. कपडे बदलताना पाठ, माकडहाड, दोन्ही नितंब आणि टाचा यांचे फोटो घ्या. त्वचा धड होती हे दाखवणारा फोटो पुढे जखमेच्या फोटोइतकाच कामाला येतो. चालू औषधांची यादी डॉक्टरांच्या सहीची असावी. करारपत्रात "२४ तास परिचारिका", "दर दोन तासांनी कूस बदलणे" असं काही लिहिलेलं असेल तर त्या ओळी अधोरेखित करा. पैसे रोख देऊ नका. द्यावेच लागले तर पावतीशिवाय देऊ नका. ग्राहक आयोगात पहिला प्रश्न "सेवेचा मोबदला दिला होता का" हाच असतो.

सोनं, बँकेची पुस्तकं, एटीएम कार्ड, चेकबुक घरीच ठेवा. कोऱ्या कागदावर किंवा स्टॅम्पपेपरवर अंगठा घेतला गेल्याची कुणकुण लागली तर लगेच बँकेला कळवा.

काय बघायचं

शय्याव्रण, म्हणजे बेडसोर, सगळ्यात बोलका पुरावा असतो. सतत एकाच जागी दाब पडला की तिथलं रक्ताभिसरण थांबतं आणि मांस मरायला लागतं. सुरुवात साध्या लालीनं होते. बोटानं दाबून सोडलं की निरोगी त्वचा क्षणभर पांढरी पडते आणि परत रंग घेते. लाली दाबूनही तशीच राहिली तर तो पहिला टप्पा. आपल्या सावळ्या त्वचेवर ही लाली चटकन दिसत नाही, म्हणून हाताच्या पाठीनं चाचपून बघा. आजूबाजूच्यापेक्षा ती जागा गरम, टणक किंवा पिचपिचीत लागते का? दुसऱ्या टप्प्यात साल निघतं, तिसऱ्यात खड्डा पडतो, चौथ्यात स्नायू किंवा हाड दिसतं. चौथ्या टप्प्याची जखम आणि "कालच झाली हो" हे दोन्ही एकत्र बसणं फार अवघड आहे. पायमोजे घातलेले असतील तर काढून टाचा बघाच.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. अगदी शेवटच्या आजारात, उत्तम काळजी घेऊनही काहींना शय्याव्रण होतात. म्हणून नुसत्या जखमेवरून कुणाला दोषी धरू नका. जखम कधी लक्षात आली, तुम्हाला कधी कळवलं, डॉक्टरांना कधी दाखवलं, हवेची गादी लावली का, ते विचारा. या चार तारखांमधलं अंतर सांगून जातं.

पाणी आणि अन्न. लघवी गडद, उग्र वासाची, तोंड कोरडं, माणूस अचानक गोंधळलेला किंवा गुंगीत. हाताची कातडी चिमटीत धरून बघायची पद्धत म्हाताऱ्या माणसांत फसवी ठरते, कारण वयानं ती सैल झालेलीच असते. जीभ बघा. महिन्यात वजन पाच टक्क्यांनी किंवा सहा महिन्यांत दहा टक्क्यांनी घटलं तर ते वैद्यकीयदृष्ट्या गंभीर मानतात. म्हणजे साठ किलोच्या माणसाचे महिन्यात तीन किलो. ताट समोर ठेवलं होतं एवढ्यावर समाधान मानू नका. कवळी डबीत पडलेली आणि ताटात भाकरी, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

गुंगी. पूर्वी गप्पा मारणारा माणूस दर भेटीत झोपलेलाच असेल, बोलताना जीभ जड पडत असेल, हनुवटी छातीवर टेकलेली असेल, तर औषधांची यादी मागा. क्लोनाझेपाम, लोराझेपाम, क्वेटियापिन, हॅलोपेरिडॉल यांतलं काही नवीन सुरू झालंय का, कुठल्या डॉक्टरनं, कशासाठी? स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला कधीकधी ती खरोखर लागतात. पण रात्री एकटीच मावशी असते आणि आजोबा सारखी हाक मारतात, हे काही त्या गोळीचं कारण होऊ शकत नाही.

अंगावरचे डाग. म्हातारपणी हाताच्या मागच्या बाजूला जांभळे चट्टे सहज उठतात. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफरिन चालू असेल तर आणखीनच. दंडाच्या आतल्या बाजूला बोटांसारखे डाग, दोन्ही मनगटांवर किंवा घोट्यांवर सारखे वळ, कानामागे, गळ्यावर, मांडीच्या आत खुणा, असं दिसलं तर मात्र थांबून विचारा. मनगटावरचे वळ बहुधा खाटेला बांधल्याचे असतात. डागाच्या रंगावरून "हा तीन दिवसांचा" असं ठरवायला जाऊ नका, ते डॉक्टरांनाही खात्रीनं सांगता येत नाही.

भेटीची वेळ बदला

रविवारी अकरा वाजता जाल तर रविवारी अकरा वाजताची खोली दिसेल. एकदा जेवणाच्या वेळी जा, एकदा संध्याकाळी ड्यूटी बदलताना, एकदा रात्री नऊनंतर. रात्री किती खाटांना किती माणसं आहेत ते मोजा. हाक मारल्यावर, बेल वाजवल्यावर किती मिनिटांनी कुणी येतं ते घड्याळात बघा. डायपर किती भिजलाय, चादर ओली वाळून पिवळी झालीय का, नखं, दाढी, कानामागचा मळ बघा. असल्या गोष्टी पाहुणे येण्याआधी दहा मिनिटांत नीट करता येत नाहीत.

आपल्या माणसाशी एकट्यानं बोला. "तुला मारतात का?" असं विचारलं की ते नाहीच म्हणतात. "रात्री तहान लागली तर कोण येतं?", "अंघोळ कोण घालतं, पाणी कसं असतं?" असं विचारा. आत्या एकदा म्हणाली, "नको गं काही बोलूस, तू गेलीस की ते माझ्यावर राग काढतात." भीतीचं ते वाक्य मी त्या रात्री जसंच्या तसं लिहून ठेवलं. तुम्हीही त्यांच्याच शब्दांत लिहा, आपल्या भाषेत नीटनेटकं करून नको. स्मृतिभ्रंश असला म्हणून सगळंच खोटं होत नाही. वेगवेगळ्या दिवशी तीच गोष्ट, तेच नाव, तीच वेळ येत असेल तर तिला वजन आहे.

मुलं परदेशात असतील तर व्हिडिओ कॉलवर नुसता चेहरा बघून ठेवू नका. फोन टाचेवर न्यायला सांगा, टेबलावर न्यायला सांगा. आणि गावातल्या एखाद्या भाच्याला किंवा मित्राला लेखी अधिकारपत्र देऊन ठेवा, म्हणजे त्याला कागद मागता येतील आणि "तुम्ही कोण?" म्हणून दारातून परत पाठवणार नाहीत.

वही

शंभर पानी साधी वही घ्या, पानांवर क्रमांक घाला. प्रत्येक भेटीला तारीख, वेळ, ड्यूटीवर कोण, काय पाहिलं, काय विचारलं, काय उत्तर मिळालं. "खूप वाईट अवस्था" असं लिहून उपयोग नाही. "दुपारी ४.१०, डायपर सकाळचा, माकडहाडावर रुपयाच्या नाण्याएवढी साल गेलेली जागा, सिस्टर म्हणाल्या उद्या बघू", असं लिहा. खाडाखोड करू नका, पानं फाडू नका.

फोटो तीन काढा. एक लांबून, ज्यात माणूस आणि खाट ओळखू येते. एक मधला. एक जवळून, शेजारी पट्टी किंवा नाणं ठेवून. दिवसाच्या उजेडात, फ्लॅशशिवाय. अंग झाकून, त्यांना विचारून काढा. त्यांच्या अब्रूची काळजी आपण नाही घ्यायची तर कुणी? आणि हे फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर टाकून मूळ फाइल पुसू नका. व्हॉट्सअ‍ॅपवरून गेलेला फोटो दाबून लहान होतो आणि त्यात दडलेली तारीख-वेळेची माहिती निघून जाते. मूळ फाइल फोनमध्येच ठेवा, फोन विकू नका. भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे असा पुरावा न्यायालयात देताना प्रमाणपत्र लागतं, त्याचा एक भाग फोन वापरणाऱ्यानं आणि दुसरा तज्ज्ञानं भरायचा असतो.

केंद्राच्या नोंदी हा पुराव्याचा दुसरा निम्मा भाग. कूस बदलल्याचा तक्ता, औषधांचा तक्ता, साखरेच्या नोंदी यांच्या प्रती लेखी मागा. मी एकदा दुपारी चारला खाटेच्या पायथ्याशी लटकवलेला तक्ता बघितला तर सहा, आठ आणि दहा वाजताच्या रकान्यांत आधीच बरोबरच्या खुणा होत्या. एकाच पेनानं, एका दमात केलेल्या. फोटो काढला. नंतर सगळ्यात जास्त तोच उपयोगी पडला. मधुमेह असेल तर ग्लुकोमीटर हातात घेऊन त्याची मेमरी उघडा. बहुतेक यंत्रांत मागची रीडिंग तारखेसह साठलेली असतात, ती तक्त्याशी जुळवून बघा.

केंद्र म्हणजे नोंदणीकृत रुग्णालय असेल, किंवा उपचार डॉक्टरांनी केले असतील, तर वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे रुग्णानं किंवा त्यानं अधिकार दिलेल्या व्यक्तीनं मागितल्यापासून ७२ तासांत कागद द्यावे लागतात. सीसीटीव्ही असेल तर "अमुक तारखेचं चित्रण जतन करा" असं पत्र त्याच दिवशी द्या, कारण जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्क्यासह पोच घ्या. घेत नसतील तर स्पीड पोस्टनं पाठवून पावती जपा, जोडीला ईमेल करा.

आणि मावश्यांशी नीट वागा. बारा बारा तासांच्या पाळीत वीस माणसांचं करणाऱ्या बाईवर आवाज चढवून काही हाती लागत नाही. आत काय चालतं ते त्यांनाच माहीत असतं, आणि काम सोडलेली एखादी मावशी पुढे साक्षीदारही होते. "ताई, दोन डायपर मिळतात दिवसाला, मी तरी काय करू" हे मला एका मावशीनंच जिन्यात सांगितलं होतं. दिवसाचे सहा डायपर आमच्या बिलात लावलेले होते.

शंका पक्की झाली की

जीव धोक्यात असेल तर वही बाजूला ठेवा, ११२ ला फोन करा आणि माणसाला बाहेर काढा. पुरावा जमवायला म्हणून कुणाला त्या खाटेवर आणखी आठवडाभर ठेवू नका. थेट रुग्णालयात न्या, शक्यतो सरकारी, आणि मारहाणीचा किंवा हेळसांडीचा संशय असल्याचं स्पष्ट सांगून मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवली जाणारी वैद्यकीय नोंद, करायला सांगा. जखमांची लांबी-रुंदी, टप्पा, वजन लिहून घ्या. रक्तात सोडियम, युरिया, क्रिएटिनिन तपासलं जातंच. सोडियमची नेहमीची पातळी १३५ ते १४५ असते, ती बरीच वर गेलेली असेल तर पाणी कमी पडल्याचा तो छापील कागद आहे. येताना कपडे, चादर, औषधांच्या पट्ट्या पिशवीत घालून आणा, धुऊ नका.

कुठल्या दारात

पोलीस ठाणे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. साधी दुखापत (कलम ११५) अदखलपात्र धरतात, म्हणजे न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करत नाहीत, त्यामुळे ठाण्यात "एनसी करतो", म्हणजे नुसती नोंद करून ठेवतो, म्हणतात. पण हाड मोडलं, दात पडला, किंवा पंधरा दिवस तीव्र वेदना राहिल्या किंवा रोजचे व्यवहार करता आले नाहीत, तर ती कलम ११६ प्रमाणे जबर दुखापत होते, आणि ती दखलपात्र आहे. निष्काळजीपणानं जीव धोक्यात घातला तर कलम १२५. आणखी एक कलम फार कमी लोकांना माहीत असतं, ३५७. करारानं बांधलेल्या माणसानं आजारी, असहाय व्यक्तीची देखभाल जाणूनबुजून टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिक्षा लहान आहे, पण गोष्ट नेमकी आपली आहे, म्हणून अर्जात त्याचा उल्लेख करा.

गुन्हा दखलपात्र असेल तर हद्दीचा प्रश्न न काढता कुठल्याही ठाण्यात माहिती देता येते. प्रत फुकट मिळते. घेतलीच नाही तर पोलीस अधीक्षकांना, शहरात उपायुक्तांना, लेखी पाठवा. तिथंही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. जबाबासाठी आजारी माणसाला, कुठल्याही बाईला, साठीपुढच्या पुरुषाला ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनी ते राहतात तिथं यायचं असतं. हे माहीत असलं की "पेशंटला घेऊन या" ऐकून हताश होत नाही माणूस.

ग्राहक आयोग. पैसे घेऊन सेवा दिली नाही, ही सेवेतली त्रुटी. दिलेला मोबदला पन्नास लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, मुदत दोन वर्षं. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही करता येते. केंद्र नाशिकला आणि तुम्ही ठाण्यात, तर ठाण्यात करा. माझ्या मते बहुतेक कुटुंबांसाठी हाच रस्ता सगळ्यात चालण्याजोगा आहे, कारण इथं वही, बिलं आणि रुग्णालयाचे कागद यांनाच खरी किंमत असते.

संस्था न्यास असेल तर धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय. रुग्णालय म्हणून नोंदलेली असेल तर महापालिकेचा आरोग्य विभाग, किंवा जिल्ह्यात जिल्हा शल्यचिकित्सक. समाजकल्याणचे सहायक आयुक्त आणि जिल्हाधिकारी यांना प्रत पाठवाच. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याची अंमलबजावणी जिल्हाधिकाऱ्यांकडे असते. याच कायद्यातलं प्रांताधिकाऱ्यांचं न्यायाधिकरण मात्र मुख्यत्वे मुलांकडून निर्वाह मिळवण्यासाठी आहे. केंद्राविरुद्धची तक्रार तिथं नेली तर महिने वाया जातात.

सगळीकडे एकच दीड पानी अर्ज जोडा. तारखांच्या क्रमानं, विशेषणांशिवाय, प्रत्येक तारखेपुढे पुराव्याचा क्रमांक.

माणूस गेलाच, आणि मनात संशय असेल, तर दहनाची घाई करू नका, नातेवाईक कितीही म्हणोत. पोलिसांना कळवा, शवविच्छेदनाची लेखी मागणी करा. ते करायला मन धजत नाही, हे मी जाणते. पण राखेतून पुन्हा काही तपासता येत नाही.

आत्याला आम्ही हलवलं. ती पुढे अकरा महिने जगली, डाव्या हातानं पाणी पीत. पहिल्या केंद्रानं अनामत आणि दोन महिन्यांचे पैसे परत केले ते त्या आधीच भरलेल्या तक्त्याच्या फोटोमुळे. वजनाचं काही सिद्ध झालं नाही.

निघायच्या दिवशी तिच्या शेजारच्या खाटेवरच्या आजींनी माझा पदर धरून ठेवला होता. त्यांना भेटायला कुणी येत नसे. तेव्हा मला माहीत नव्हतं, आता माहीत आहे: १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन आहे, सकाळी आठ ते रात्री आठ, फोन फुकट, आणि तो करायला तुम्ही नात्यातलेच असावे लागत नाही. आपलं माणूस बाहेर काढल्यावर शेजारच्या खाटेसाठी तो एक फोन करा.